पगारी रजा की पाळणाघर? आधी बघा, नाहीतर मूल कोणाकडे असतं

तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत पुन्हा मांडते, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच लक्षात येईल. तुम्ही एका छोट्या संशोधन गटात काम करता. नोकरी करणाऱ्या आईवडिलांसाठी सरकारने पगारी रजा वाढवावी की पाळणाघरांवर पैसा घालावा, यावर तुम्हाला दोन पानांचं टिपण द्यायचं आहे. तुम्ही दहा-बारा अभ्यास वाचलेत आणि ते एकमेकांना खोडून काढतात. एकात रजेमुळे मुलांचं मोठेपणीही भलं झालेलं दिसतं, दुसऱ्यात काहीच फरक नाही. एकात पाळणाघरात गेलेली मुलं जास्त शिकली, दुसऱ्यात ती चिडचिडी झाली. वर साहेबांनी सांगितलंय की घरातल्या वृद्धांवरही एक परिच्छेद टाका. तुम्ही विचारता, यातल्या कोणावर विश्वास ठेवायचा?

गेली बावीस वर्षं मी घरोघरच्या पाहण्या, त्यांच्या प्रश्नावल्या आणि त्यातून निघणारे आकडे यांतच आहे. सुरुवातीला मीही अभ्यासांचे दोन ढीग करायचे, 'फायदा झाला' आणि 'नाही झाला', आणि कुठला ढीग मोठा ते बघायचे. त्यातून हाती काही लागत नाही. तुम्ही वाचलेले बहुतेक अभ्यास आपापल्या जागी बरोबर आहेत. ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात, आणि नुसतं शीर्षक वाचून ते कळत नाही.

मी प्रत्येक अभ्यासाला एक प्रश्न आधी विचारते: हे धोरण आलं नसतं, तर त्या वेळी ते मूल कोणाच्या हातात असतं? म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीतही तेच: नाहीतर त्यांच्या उशाशी कोण बसलं असतं? रजा असो, पाळणाघर असो की निवृत्तिवेतन, धोरण येतं तेव्हा घरात कोणीतरी ते काम आधीपासून करतच असतं. धोरण ते काम एका हातातून काढून दुसऱ्या हातात देतं, आणि परिणाम या दोन्ही हातांवर ठरतो. अभ्यासाच्या गोषवाऱ्यात दुसरा हात ठळक असतो. पहिला हात शोधायला आतली पानं वाचावी लागतात.

नॉर्वेपासून सुरुवात करा, कारण तिथे एकाच देशात दोन उत्तरं मिळतात. १ जुलै १९७७ च्या आधी तिथे आईला बारा आठवड्यांची बिनपगारी रजा होती. त्या तारखेपासून जन्मलेल्या मुलांच्या आयांना चार महिने पगारी आणि त्यावर बारा महिने नोकरी राखून बिनपगारी रजा मिळू लागली. जूनच्या शेवटी जन्मलेलं बाळ आणि जुलैच्या सुरुवातीला जन्मलेलं बाळ यांच्यात एरवी काय फरक असणार? पण ती मोठी झाल्यावर फरक दिसला. जुलैनंतरच्या मुलांमध्ये शिक्षण अर्धवट सोडण्याचं प्रमाण सुमारे दोन टक्के बिंदूंनी (म्हणजे शंभरातल्या सुमारे दोन मुलांनी) कमी होतं आणि वयाच्या तिसाव्या वर्षी कमाई सुमारे पाच टक्क्यांनी जास्त होती. कमी शिकलेल्या आयांच्या मुलांना याहून जास्त फायदा झाला. कार्नेरो, लोकेन आणि साल्वानेस यांचा हा अभ्यास २०१५ मध्ये आला.

त्याच देशात १९८७ ते १९९२ या काळात पगारी रजा टप्प्याटप्प्याने १८ आठवड्यांवरून ३५ आठवड्यांवर गेली. पुढच्याच वर्षी आलेल्या अभ्यासात या वाढीचा मुलांच्या शिक्षणावर, आईवडिलांच्या कमाईवर, पुढच्या अपत्यांवर मोजण्याइतका परिणाम सापडला नाही. खर्च मात्र भरपूर झाला, आणि त्यातला मोठा वाटा बऱ्या परिस्थितीतल्या घरांकडे गेला. लोकेन आणि साल्वानेस ही नावं या दुसऱ्या अभ्यासातही आहेत. त्यामुळे 'संशोधकांचा कल वेगळा असेल' म्हणून हा विरोध झटकून टाकता येत नाही.

माझ्या मते कारण पहिल्या हातात आहे. सत्तरच्या दशकात दोन वर्षांखालच्या मुलांसाठी तिथे नीट पाळणाघरं जवळपास नव्हतीच. आई कामावर परतली की तान्हं बाळ आजीकडे, शेजारणीकडे किंवा प्रशिक्षण नसलेल्या कोणा बाईकडे राहायचं. १९७७ च्या रजेने अगदी कोवळ्या महिन्यांतलं बाळ त्या हातांतून आईकडे आणलं. दहा वर्षांनी रजा वाढली, ती जे बाळ आधीच काही महिने आईजवळ होतं त्याच्या पुढच्या आठवड्यांपुरती. जर्मनीत १९७९, १९८६ आणि १९९२ मध्ये रजा वाढवली गेली, तिथेही मुलांच्या शिक्षणात फायदा आढळला नाही. तेव्हा 'रजा चांगली का' याचं उत्तर शोधण्याआधी 'कितव्या महिन्यातली रजा' हे विचारावं लागतं.

पाळणाघरांचंही असंच आहे. नॉर्वेत १९७५ च्या कायद्यानंतर तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी सरकारी अनुदानातली बालवाडी झपाट्याने वाढली. चार वर्षांत दहा टक्क्यांहून कमी मुलांवरून अठ्ठावीस टक्क्यांच्या वर. हावनेस आणि मोगस्टाड यांना आढळलं की ज्या भागांत ही वाढ लवकर झाली, तिथली मुलं पुढे जास्त शिकली आणि मोठेपणी सरकारी मदतीवर कमी अवलंबून राहिली. पण आयांच्या नोकऱ्या जवळपास वाढल्याच नाहीत. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला विचित्र वाटलं होतं. पाळणाघर आलं आणि आई कामावर गेली नाही, असं कसं? उत्तर असं की ज्या आयांना कामावर जायचं होतं त्या आधीच जात होत्या, कोणा ओळखीच्या बाईकडे मूल ठेवून. बालवाडीने त्या बाईची जागा घेतली. मुलाला फायदा झाला, कारण त्याचा हात बदलला. आईचा दिवस होता तसाच राहिला.

आता कॅनडातला क्विबेक प्रांत घ्या. १९९७ मध्ये तिथे दिवसाला पाच डॉलरमध्ये पाळणाघर मिळू लागलं, आधी चार वर्षांच्या मुलांना, आणि २००० पर्यंत अगदी लहान मुलांनाही. दोन पालकांच्या घरांतल्या आयांचं नोकरीतलं प्रमाण सुमारे ७.७ टक्के बिंदूंनी वाढलं, म्हणजे नॉर्वेच्या बरोबर उलट. आणि मुलांमध्ये चिंता, आक्रमकपणा वाढल्याचं पालकांनी नोंदवलं. हाच तो 'चिडचिडी झाली' वाला अभ्यास: बेकर, ग्रुबर आणि मिलिगन, २००८. इथे बरीच मुलं आईच्या हातातून घाईघाईने वाढवलेल्या व्यवस्थेत गेली होती, आणि त्यांत फार लहान मुलंही होती. पुढे दुसऱ्या संशोधकांनी घरांचे प्रकार वेगळे करून तीच माहिती तपासली, तेव्हा एकट्या पालकाच्या घरातल्या मुलांना याच योजनेचा फायदा झालेला दिसला. त्या घरांत नाहीतर जे मिळत होतं, त्यापेक्षा पाच डॉलरचं पाळणाघर बरं होतं. सरासरी काढली की ही दोन्ही मुलं एका आकड्यात मिसळतात आणि दोघांचंही खरं चित्र पुसलं जातं. तुमच्या टिपणात एकच सरासरी द्यायचा आग्रह झाला, तर कृपा करून निदान दोन ओळी तरी मागून घ्या, दोन पालकांच्या घरांची एक आणि एकट्या पालकाच्या घरांची एक.

दुसरी गोष्ट, जी टिपणांत हमखास राहते: पैसे कोण देणार? अमेरिकेत सत्तरच्या दशकात काही राज्यांनी नोकरीतल्या आरोग्य विम्यात बाळंतपणाचा खर्च सक्तीने घालायला लावला. ग्रुबर यांनी १९९४ मध्ये दाखवलं की त्या खर्चाचा मोठा भाग बाळंतपणाच्या वयातल्या स्त्रियांच्याच पगारातून वळता झाला. चिलीमधलं उदाहरण तर कायद्याच्या शब्दांकडे बघायला शिकवणारं आहे. तिथे वीस किंवा अधिक स्त्रिया कामाला असतील तर मालकाने पाळणाघराचा खर्च करायचा असा नियम आहे. विसावी बाई घेतली की खर्च सुरू. अशा कंपन्यांत नव्याने लागणाऱ्या स्त्रियांचा सुरुवातीचा पगार ९ ते २० टक्क्यांनी कमी असल्याचं एका अभ्यासात निघालं. भारताच्या मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीत पाळणाघराची अट पन्नास कर्मचाऱ्यांवर ठेवली, स्त्री-पुरुष न बघता. मोजणीचा हा छोटा फरक फार मोलाचा आहे. पण त्याच दुरुस्तीने रजा १२ वरून २६ आठवड्यांवर नेली आणि सामाजिक विम्याच्या बाहेरच्या नोकऱ्यांत तो पगार एकट्या मालकावर ठेवला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००० सालचा मातृत्व संरक्षण करार किमान १४ आठवडे मागतो, आणि हा खर्च एकट्या मालकावर टाकू नये असंही सांगतो. रजेचे आठवडे सगळे मोजतात. पैसा सामाईक निधीतून येतो की मालकाच्या खिशातून, हे तितक्याच ठळकपणे लिहा. मालकाच्या खिशातून येत असेल, तर मुलाखतीला आलेल्या तिशीच्या बाईला नोकरी न देणं त्याला सोपं जातं, आणि ती बाई तुमच्या कुठल्याही तक्त्यात दिसत नाही.

वडिलांच्या रजेबद्दल थोडक्यात सांगते, कारण तुम्ही ते विचारलेलं नाही, पण विषय त्याशिवाय पुरा होत नाही. स्वीडनने १९९५ मध्ये एक महिना दुसऱ्या पालकासाठी राखीव केला. वडील रजा घेऊ लागले. पण पुढे मूल आजारी पडल्यावर घरी कोण थांबतं, यात फरक पडला नाही. क्विबेकने २००६ मध्ये वडिलांसाठी पाच आठवडे राखले, आणि तिथे काही वर्षांनंतरही वडिलांच्या घरकामाचा वेळ वाढलेला आढळला. मोजलेल्या गोष्टी वेगळ्या आहेत, एकीकडे आजारपणातल्या रजांच्या नोंदी, दुसरीकडे दिवसभराच्या वेळेची रोजनिशी. त्यामुळे एकाने दुसऱ्याला खोटं ठरवलं असं म्हणू नका. आणि धोरणाला सगळं जमत नाही, हेही लिहा. डेन्मार्कमध्ये रजा आहे, पाळणाघरं आहेत, तरी पहिल्या मुलानंतर आईची कमाई वडिलांच्या तुलनेत सुमारे २० टक्क्यांनी मागे पडते आणि दहा वर्षांनीही ती खाच भरत नाही. जर्मनीत हाच आकडा सुमारे ६० टक्के आहे. या दोन देशांमधल्या दरीत धोरणाचा वाटा किती आणि 'लहान मुलाची आई घरीच बरी' या समजुतीचा किती, यावर अजून वाद चालू आहे.

आता वृद्धांचा परिच्छेद. तो शेवटी चिकटवू नका, ही माझी कळकळीची विनंती. मुलं आणि वृद्ध हे कागदावर दोन विभागांचे विषय असतात, घरात मात्र बहुधा एकाच बाईच्या दिवसातले. इटलीत एकामागून एक निवृत्तिवेतन सुधारणा झाल्या आणि निवृत्तीचं वय वर गेलं. ब्राती आणि सहकाऱ्यांनी बघितलं की ज्या तरुण आयांची आई निवृत्तीला पात्र होती, त्या नोकरीत असण्याची शक्यता जास्त होती. आजी कामावर अडकली तर नातवंडाकडे कोणी नाही, म्हणून आई घरी. म्हणजे निवृत्तीचं वय वाढवणं हेही पाळणाघर-धोरणच झालं. अर्थखात्याच्या हिशेबात आजीचं वाढलेलं वर्ष जमेच्या बाजूला येतं आणि मुलीची गेलेली नोकरी कुठेच येत नाही. तुमच्या साहेबांना एकच गोष्ट तोंडी सांगायची संधी मिळाली, तर मी ही सांगेन.

आजारी वृद्धांच्या बाबतीत जर्मनी आणि जपान शेजारी ठेवून बघा. जर्मनीने १९९५ मध्ये दीर्घकालीन काळजी विमा (दीर्घकाळ देखभाल लागणाऱ्यांचा खर्च उचलणारा) सुरू केला, जपानने २००० मध्ये. नाव सारखं, पण हात वेगळे. जर्मनीत कुटुंबाला निवड आहे: घरी येणारी व्यावसायिक सेवा घ्या किंवा रोख रक्कम घ्या. रोख रक्कम सेवेच्या किमतीपेक्षा बरीच कमी असते, तरी बहुसंख्य कुटुंबं रोख घेतात. काळजी मग घरातलंच माणूस घेतं. जपानने रोख रक्कम जवळजवळ टाळली आणि सेवाच दिली. कायदा घडत असताना तिथल्या स्त्री संघटनांनी रोख रकमेला विरोध केला होता. पैसे घरात आले की सून अंथरुणाशी बांधली जाईल, आणि तिचं काम 'आता पैसे मिळतात ना' म्हणून कायमचं तिच्याच गळ्यात पडेल, ही त्यांची भीती होती. मला ती भीती खरी वाटते. तरीही रोख रक्कम सरसकट वाईट असं मी म्हणणार नाही. जिथे सेवा देणारी माणसंच नाहीत, तिथे सेवेचा हक्क हा नुसता कागद असतो.

आता तुमच्या स्वतःच्या माहितीकडे येते, कारण तुम्ही लिहिलंय की पुढच्या महिन्यात तुमचा गट छोटी पाहणी करणार आहे. इथे मला काही सविस्तर सांगायचं आहे.

काही वर्षांपूर्वी एका घरात मी प्रश्नावली घेऊन बसले होते. अंथरुणाला खिळलेल्या आजी आतल्या खोलीत. मुलगा समोर खुर्चीवर, सून दाराच्या चौकटीला टेकून उभी. प्रश्न होता, 'यांची काळजी कोण घेतं?' मुलगा म्हणाला, 'आम्ही सगळेच बघतो.' मी चारही प्रौढ माणसांच्या नावांपुढे खुणा केल्या. प्रश्नावली संपली. कागद आवरता आवरता मी सहज विचारलं, 'काल रात्री आजी किती वेळा उठल्या?' मुलाने बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, 'अकराला एकदा, मग दोनला, मग साडेचारला. दोनला चादर बदलावी लागली.' मी विचारलं, 'तिन्ही वेळा कोण उठलं?' ती नुसती हसली. मुलगा खाली मान घालून म्हणाला, 'हीच.' माझ्या कागदावर मात्र चार सारख्या खुणा होत्या, आणि मुलगा एक शब्दही खोटं बोललेला नव्हता. 'काळजी' म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे दवाखान्याचं बिल, औषधं आणणं, डॉक्टरांशी बोलणं येत होतं. तेही काळजीच आहे. पण त्यासाठी रात्री दोनला उठावं लागत नाही.

तेव्हापासून मी 'कोण घेतं' असं विचारत नाही, 'काल' विचारते. काल सकाळी अंघोळ कोणी घातली, काल रात्री कोण उठलं, काल दुपारी दोन ते पाच घरात कोण होतं. आणि प्रत्येक वेळेला जोडून एक प्रश्न: त्या वेळात तुम्ही घराबाहेर जाऊ शकला असता का? हा प्रश्न फार कामाचा आहे. वेळेच्या रोजनिशीत बाई लिहिते 'टीव्ही बघितला, दोन तास'. ती टीव्ही बघत असते हे खरं, पण आत झोपलेल्या माणसाला सोडून तिला कोपऱ्यापर्यंतही जाता येत नसतं. त्या दोन तासांत ती नोकरी करू शकत नाही. नुसत्या कृती मोजल्या तर हे तास विश्रांतीत जमा होतात.

त्याच सुनेने जाता जाता आणखी एक सांगितलं. तिने दुपारची पाळी सोडून अर्धवेळ काम घेतलं होतं. मी धरून चालले की आजींसाठी. ती म्हणाली, 'नाही हो, ते दोन वर्षं आधी, धाकट्याच्या शाळेच्या वेळेमुळे. मी दुपारी घरी असायचे, म्हणून मग यांचंही माझ्याकडे आलं.' त्या वेळी आम्ही त्याच विषयावर अहवाल लिहीत होतो. पन्नाशीच्या आसपासच्या काळजीवाहू स्त्रियांचे कामाचे तास इतरांपेक्षा कमी आहेत, आणि हे काळजीमुळे झालं, असं आम्ही मसुद्यात लिहून बसलो होतो. परत येऊन मी पाहणीच्या आधीच्या फेऱ्यांतल्या तारखा काढल्या. बऱ्याच जणींचे तास म्हातारं माणूस आजारी पडण्याच्या आधीच घटलेले होते. भावंडांत आणि जावांत काळजीचं काम कोणाकडे जातं? जिची नोकरी आधीच लहान आहे तिच्याकडे. 'तू घरीच असतेस ना' हे वाक्य आकड्यांत उलटं दिसतं: काळजी आहे म्हणून नोकरी नाही असं वाटतं, पण सुरुवात नोकरी कमी असण्यापासून झालेली असते. मग मात्र खरंच काळजीमुळे परत पूर्णवेळ कामावर जाणं बंद होतं. दोन्ही दिशा खऱ्या आहेत, क्रम महत्त्वाचा. आम्ही तो मसुदा मागे घेऊन पुन्हा लिहिला.

यावर उपाय असा: घड्याळ एखाद्या अचानक घटनेपासून लावा. अर्धांगवायूचा झटका, मांडीचं हाड मोडणं, दोघांपैकी एकाचं जाणं. ही गोष्ट मुलीच्या नोकरीकडे बघून घडत नाही. त्या दिवसाच्या आधीची दोन-तीन वर्षं आणि नंतरची दोन-तीन वर्षं शेजारी ठेवली की काळजीमुळे नेमकं काय हललं ते दिसतं. मोठ्या पाहण्या यासाठीच त्याच माणसांकडे दर दोन वर्षांनी परत जातात: अमेरिकेतली १९९२ पासूनची, इंग्लंडमधली २००२ पासूनची, युरोपातल्या अनेक देशांत २००४ पासून चालणारी. तुमच्या छोट्या पाहणीला तेवढा वेळ नाही, हे मी समजू शकते. मग निदान तारखा विचारा. 'तुम्ही काम कमी केलंत का' एवढ्यावर थांबू नका. 'कोणत्या वर्षी, आणि त्या वेळी घरात कोणाला काय झालं होतं' हे विचारा. माणसं कारणं विसरतात किंवा बदलून सांगतात, पण धाकटा कितवीत होता हे त्यांना पक्कं आठवतं. त्यावरून वर्ष काढता येतं.

जननदराबद्दल तुमच्या साहेबांनी विचारलं तर एवढंच सांगा की वर्षाच्या आकड्यावर नाचू नये. स्वीडनने १९८० मध्ये सवलत दिली की पुढचं मूल दोन वर्षांच्या आत झालं तर रजेचा भत्ता आधीच्याच पगारावर मिळेल. १९८६ मध्ये ही मुदत अडीच वर्षं केली. १९९० पर्यंत एकूण जननदर (त्या वर्षाच्या हिशेबाने एका स्त्रीमागे सरासरी मुलं) २.१ वर गेला, सगळ्या जगाने कौतुक केलं, आणि त्या दशकाच्या अखेरीस तो १.५ वर आला. त्यात मंदीचाही हात होता. पण मोठा भाग असा की मुलं लवकर झाली होती, जास्त झाली नव्हती. एका पिढीच्या स्त्रियांना आयुष्यभरात झालेली मुलं मोजली तर आकडा दोनच्या आसपास राहिला.

इतकं सगळं सांगून झाल्यावर 'मग रजा की पाळणाघर' याचं माझं उत्तर. ते तीन गोष्टींवर अवलंबून आहे: तुम्ही ज्यांच्यासाठी लिहिताय त्या लोकांपैकी किती जणींकडे मुळात लेखी नोकरी आहे, आज एक वर्षाखालचं मूल आई नसताना कोणाकडे राहतं, आणि पैसा कुठून येणार. पहिल्या काही महिन्यांसाठी पगारी रजा, सामाईक निधीतून, यावर मला फारशी शंका नाही. वर्षाच्या पुढे रजा लांबवत नेण्याच्या बाजूने मला पुरावा दिसत नाही. तो पैसा मी चांगल्या पाळणाघरांत घालीन, आणि आधी तिथे, जिथे मुलाचा आजचा हात सर्वांत कमकुवत आहे. 'चांगल्या' या शब्दावर भर द्या. एका बाईमागे किती मुलं, तिला शिक्षण आणि पगार काय, ती वर्षभर टिकते का, हे न ठरवता जागा वाढवल्या की क्विबेकसारखे निकाल येऊ शकतात. आणि बहुतेक आया रोजंदारीवर किंवा स्वतःच्या छोट्या धंद्यात असतील, तर नोकरीला बांधलेली रजा त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. तिथे जन्मानंतरचा थेट भत्ता आणि कामाच्या जागेजवळचं पाळणाघर यांचाच विचार करावा लागेल.

टिपणात मी एक छोटा तक्ता करीन. आडव्या ओळींत मुलाचं वय, पहिले सहा महिने, मग वर्षापर्यंत, मग तीनपर्यंत, मग शाळेपर्यंत, आणि शेवटची ओळ आजारी वृद्धांची. उभ्या रकान्यांत आजचा हात, प्रस्तावित हात, पैसे देणारा, आणि या बदलाने कोणाचे तास मोकळे होतात किंवा अडकतात. तुम्ही वाचलेले दहा-बारा अभ्यास एकेक करून त्या चौकटींत टाकून बघा. ते एकमेकांशी भांडणं बंद करतील, कारण ते वेगवेगळ्या चौकटींत जाऊन बसतील. काही चौकटी रिकाम्या राहतील, बहुधा वृद्धांच्या ओळीतल्या. त्या रिकाम्याच ठेवा आणि तुमची पाहणी त्यांच्यासाठी वापरा.

प्रश्नावली छपाईला जाण्याआधी तिच्यात 'काल' हा शब्द किती वेळा येतो ते मोजा. रात्रीच्या वेळेचा एकही प्रश्न नसेल तर कळवा, माझ्याकडचे सहा प्रश्न मी पाठवते. त्यांना मुलाखतीत साधारण चार मिनिटं लागतात. शक्य असेल तर ते सुनेला, मुलीला एकटीला विचारा.